बुडबुड्यांचं मशीन

रांजणगावच्या एका औषध कंपनीच्या लॅबमध्ये सोनिकेटर नावाचं मशीन होतं. त्याचं काम एकच, द्रावणात विरघळलेली हवा बुडबुडे करून बाहेर काढायची. पण त्याच मशीनच्या पाण्यात चांदी सोडली तर तीही नव्यासारखी लखलखते, हा शोध लॅबमधल्या पोरींनी कधीच लावला होता. भांडगावच्या लग्नाला निघालेल्या आपल्या सासूबाईंची पैंजणं त्यांच्यातल्याच गौतमीनं सकाळी आल्या आल्या आत सोडली, आणि नेमके त्याच दिवशी ऑडिटचे साहेब न सांगता येऊन टपकले.

साहेब म्हणजे कायम ओठ घट्ट मिटलेला माणूस. त्यांना हसताना कुणी पाहिलं नव्हतं. त्यांनी झाकण उघडलं आणि चिमट्यानं एक पैंजण वर उचललं.

"हे काय?"

"सासूबाईंचं हाय, सर." गौतमी पुढं झाली. "पार तव्यागत काळं झालं व्हतं."

साहेबांनी पैंजण उजेडात धरून उलटसुलट निरखलं. "सगळ्यांनी बाहेर व्हा. दार लावून घ्या."

बाहेर पोरींनी कपाळाला हात लावला. गौतमी तर मनातल्या मनात राजीनामा लिहायला लागली. आत मशीन घुर्र करून सुरू झालं. बराच वेळ झाला, तशी हिय्या करून तिनं दार वाजवलं.

"सर, येऊ का आत?"



आतून बोळक्या तोंडानं साहेब म्हणाले, "थांबा जरा, दात अजून मशीनमध्येच आहेत!"