पहिला भाग फुकट

पहिला भाग फुकट होता, पुढचे सात विकत घ्यावे लागणार होते. मालिका युद्धावरची, म्हणून निवाडा निवृत्त सुभेदारांवर सोपवला होता. “काय आबा, पैसे घालायचे का हिच्यात?” लेकीनं विचारलं.

“अगं, हा येडा कड्यावर उभा राहून सिगारेट पेटवतोय! माझ्या पलटणीत असता तर शत्रूच्या आधी मीच बुकलला असता.” लेक खळखळून हसली, शेजारी बसलेली बायकोही हसली.

मग पडद्यावर एक जवान सकाळपासून कण्हत राहिला आणि दुपारी गेला. सोबत्यानं त्याच्या घरी पत्र लिहिलं: ‘गोळी लागताच गेला. त्याला काहीच कळलं नाही.’

सुभेदारांच्या तोंडचं पाणी पळालं. बायकोनं चित्र थांबवलं. तिचा भाऊ त्यांच्याच पलटणीत होता. त्याच्या मरणाचं पत्र त्यांनीच लिहिलं होतं, याच शब्दांत. त्या पत्रावर विसंबून तिनं सव्वीस वर्षं काढली होती.

“नको घेऊस गं,” ते लेकीला घाईनं म्हणाले. “सगळं खोटं दाखवतात.”

“मालिका राहू दे,” बायको म्हणाली आणि त्यांच्याकडे वळली. “तुम्ही खरं सांगा. माझा दादा किती वेळ कण्हत होता?”