तिसरा घाम

असानकुलने पायांत बूट चढवले, डोक्यावर उंच पांढरी टोपी ठेवली आणि नारीन शहराच्या इस्पितळातल्या खाटेवर असा ताठ बसला, जणू खाली खाट नसून खोगीर आहे. खाली अंगणात त्याचा मुलगा मिर्लान ट्रक घेऊन आला होता. ट्रकमध्ये तोरू, शर्यतीचा घोडा, फळ्यांवर खूर आपटत होता. रविवारी खिंडीपलीकडे सोन-कुल तळ्याकाठच्या कुरणावर शर्यत. घोडे तयार करण्यात असानकुलचा हात धरणारा त्या खोऱ्यात कुणी नव्हता, आणि तोरूसारखा घोडा त्याच्याही हाताखालून आजवर गेला नव्हता.

"आबा, बूट काढा," डॉक्टर बुरुल दारातूनच म्हणाली. तिच्या हातात रक्ताचा अहवाल होता.

"का म्हणून? छाती दुखत नाही. जिने चढतो, उतरतो. काल दोन वाडगे मटणाचा शोरपो रिचवला."

"दिसताय ठणठणीत. पण रक्त वेगळं सांगतंय. एवढा मोठा झटका येऊन गेलाय. आता खिंड चढलात तर हृदय वाटेतच हात टेकेल."

"चमचाभर रक्त!" म्हातारा खो खो हसला. "त्याला रविवारचं काय कळतंय? त्यापेक्षा बाजारातल्या म्हातारीसारखे वाल मांडून भविष्य सांग, पोरी."

बुरुल चिडली नाही. खाटेच्या कडेला बसली. "झटक्यात हृदयाचा जो भाग मेला, त्याची खूण रक्तात उतरते. ती ओसरली. पण हृदयावर ताण असला की दुसरंच एक द्रव्य रक्तात येतं. ते..."

"थांब." त्याचं हसू मावळलं. "एकदाच पाहिलंस?"

"तीनदा. आलात त्या दिवशी, मग मध्ये एकदा, आणि आज सकाळी."

"उतरतंय?"

"उतरायला हवं होतं, आबा. थोडं चढलंय."

घोडा तयार करताना असानकुल दर सरावानंतर त्याचा घाम बोटावर घेऊन चाखत असे. पहिला घाम दाट नि खारट असतोच. त्यावरून तो कधी बोलत नसे. दुसऱ्यावरूनही नाही. पण तिसराही खारट लागला, तर घोडा कितीही नाचो, तो त्याला खुंट्यावरून सोडत नसे. असा घोडा अर्ध्या वाटेत कोसळतो. मालक हातापाया पडत, शिव्या देत. हा ढिम्म.

त्याने त्या नातीच्या वयाच्या पोरीकडे पाहिलं. इतका वेळ तो तिची टर उडवत होता आणि तीही ढिम्मच होती. त्याला तिचं फार कौतुक वाटलं, आणि वाईटही तेवढंच वाटलं. तोरू पहिल्यांदाच त्याच्या नजरेआड धावणार होता.

मिर्लान धापा टाकत वर आला. "निघायचं ना, बाबा? डॉक्टरबाई, सोडा हो त्यांना. बघा की, कसे घोड्यासारखे आहेत!"

"तू गप्प बस," असानकुल म्हणाला. "ती घाम चाखून बोलतेय."

मग त्याने दोन्ही पाय मुलापुढे केले.

"स्वाराला सुरुवातीला लगाम खेचून धरायला सांग. तोरू उतावळा आहे. आणि हे बूट काढून सोबत घेऊन जा. इथे राहिले तर मी सुटेन."