पूर्वीसारखी चाल

शेवंतीचं लग्न झालं त्याच वर्षी तिचे वडील रावजी धुरी अर्धांगवायूतून उठले आणि लायसन्सच्या फेरपरीक्षेत दोनदा नापास झाले. साठीपुढच्यांची ही परीक्षा गाडीच घेई. आजाराआधी ते कसे चालवत, हे गाडीच्या स्मरणात साठवलेलं होतं. आजचं चालवणं त्याच्याशी जुळलं, तरच माणूस बरा झाला असं ती धरी.

"आता वळणावर हॉर्न देतो, मागे राहतो, तर गाडी म्हणते हा रावजी नव्हे," ते म्हणाले. "शहाणपण आलं, तर तोच आजार ठरला."

"मग मला सासरी कोण सोडणार? भाड्याचा ड्रायव्हर?" शेवंती म्हणाली. "बाबा, उद्या पूर्वीसारखी हाका. एसटीला घासून पुढे काढायचात तशी."

"त्याबद्दल तुझ्या आईच्या शिव्या खाल्ल्यात मी."

"एकच दिवस."

ते तसे हाकून पास झाले. पण गाडी रोजच ताडून पाही, जुळलं नाही तर लायसन्स जाई, म्हणून त्यांना तसंच हाकत राहावं लागलं. हे शेवंतीला दिसत होतं. लग्न होईपर्यंत ती काही बोलली नाही.

तिला सासरी सोडून परतताना, घाटातल्या वळणावर ट्रकच्या पुढे जाऊ पाहणारे रावजी धुरी जागीच वारले. त्या दिवशी वैशाख शुद्ध पंचमी होती.