बिनटरफलाची अंडी

लढाईच्या सालात श्रीगोंद्याजवळच्या एका मळ्यात बनुबाईच्या तांबड्या कोंबडीनं बिनटरफलाची अंडी घालायला घेतली. हातात घ्यावं तर ओलसर, कोमट, लेकराच्या गालासारखं मऊ. बनुबाईनं कोंबडीला चुन्याची निवळी पाजून पाहिली. अंडी आणखीच मऊ झाली.

शेवटी तिनं एक फोडलं. आत ना पिवळं, ना पांढरं. भसकन पाणीच सांडलं. बनुबाईनं उभ्या गावाची बाळंतपणं केलेली. त्या पाण्याचा वास तिनं तेव्हाच ओळखला, आणि पुन्हा म्हणून एकही अंडं फोडलं नाही. गुपचूप नेऊन उकिरड्यात पुरू लागली. घरात सुनेचे, मनकर्णाचे, दिवस भरत आले होते. तिच्या कानावर हे जायला नको.

त्या सकाळी खुराड्यात सापडलेलं अंडं नेहमीपेक्षा जड होतं. बनुबाई ते पदराआड धरून वळली, तर उंबऱ्यावर मनकर्णा बसलेली, पोटावर हात ठेवून.

“आत्याबाई, पहाटंपासनं प्वाट गप हाय. पोर हालतच न्हाई बगा.”

“निजलं आसंल गं,” बनुबाई म्हणाली. “हालंल. जरा दम धर.”

आणि पदराआड, तिच्या हातातल्या अंड्याला आतून लाथ बसली.