राहू द्या

मारतहळ्ळीच्या ऑफिसात रक्षिताचं काम एवढंच, की लोकांनी तक्रार केलेल्या मराठी पोस्टी वाचायच्या आणि ‘काढा’ किंवा ‘राहू द्या’ दाबायचं.

आज पहिलीच पोस्ट वाचून ती चपापली. “खालच्यांना पाणी देऊ नका अक्का. बरी माणसं नव्हेत ती, सरी न?” ‘बरोबर ना’ला ‘सरी न’ म्हणणारं असलं कानडी मिसळलेलं मराठी येलहंक्याला तिच्या घरात बोलत. लिहीत मात्र कुणीच नसे.

त्यात शिवी नव्हती, धमकी नव्हती. नियमाप्रमाणे तिने ‘राहू द्या’ दाबलं.

तेच वाक्य परत आलं, निराळ्या नावाने. मग परत. दुपारनंतर तर तिचं बोट न वाचताच ‘राहू द्या’वर पडू लागलं.

संध्याकाळी घरी पोचली, तर अंगणातला नळ चिंधीने करकचून बांधलेला. खालच्या बिऱ्हाडातली शालन रिकामी घागर घेऊन रडवेली उभी. पायरीवर रक्षिताची आई, सगुणाबाई. तिला अक्षरओळख नाही, फोन तर तिने कधी हातातसुद्धा धरला नव्हता.

“अम्मा, हे काय केलंस?”

सगुणाबाई लेकीकडे बघून गोड हसली.

“तूच तर म्हणत होतीस न पुट्टी, दिवसभर? राहू द्या, राहू द्या.”