बधिर गाल

खुर्ची मागे कलत गेली आणि थोरलीला वाटलं, आपण पाण्यावर पाठ टेकली आहे. वर गोल पांढरा दिवा होता. मलमाने अर्धा चेहरा बधिर झाला होता. तो अर्धा भाग कुणा दुसऱ्या बाईचा असावा आणि ती बाई शेजारी निवांत निजली असावी, असं तिला वाटत होतं. पंख्याचा आवाज कुठल्यातरी लांबच्या घरातून येत होता.

"ताई, झोपलीस की काय?"

"झोपू दे की. उठेन तेव्हा तुझ्यापेक्षा लहान दिसेन."

"मग तू मला ताई म्हणायचं हं!"

धाकटी हसली आणि तिने सुई उचलली. पार्लर तिचंच. नाकापासून ओठाच्या कडेपर्यंत पडलेली घडी सुईने फिलर, म्हणजे घट्टसर जेल, भरून सपाट करायची, हे काम ती नुकतंच एका शिबिरात शिकून आली होती. पहिला चेहरा कुणाचा, हा प्रश्नच नव्हता. थोरली स्वतःहून खुर्चीत येऊन बसली होती.

सुई आत गेली. आधी काहीच नाही. मग गालात खोल, जिथे मलम पोचलं नव्हतं तिथून, कुणीतरी तापलेला दोरा ओढत नेला. नाकाच्या कडेने वर, डोळ्याच्या कोपऱ्यापर्यंत.

"दुखतंय का गं?"

"छे. मुंगी चालल्यासारखं वाटतंय."

धाकटीने पहिल्यांदा कात्री हातात घेतली, त्या दिवसापासून थोरलीचं उत्तर ठरलेलं होतं. दुखतंय म्हटलं की पोरगी हातातलं टाकून देते आणि कोपऱ्यात जाऊन बसते. मग तिला तिथून उठवता उठवता नाकी नऊ येतात. त्यापेक्षा मुंगी बरी.

दोरा आता आत वेटोळं करून बसला होता. दिवा पसरत गेला. थोरलीला दिसलं, आपण एका लांबलचक पांढऱ्या खोलीत चाललो आहोत, भिंतींना दारं नाहीत, आणि पाय जमिनीला लागत नाहीत. बरं वाटत होतं. नुसतं चालायचं होतं.

"ताई. ताई, इकडे बघ."

धाकटीने गाल पुसला होता. पुसलेल्या जागी खडू फासल्यासारखा पांढरा पट्टा उठला होता. तिने बोटाने दाबून सोडलं. रंग परत आला नाही. पुन्हा दाबलं. पांढऱ्याच्या कडेला जाळीसारखं निळं उमटू लागलं.

शिबिरात हे एकदाच सांगितलं होतं, तेही जेवायच्या सुट्टीआधी घाईघाईने. फिलर चुकून रक्तवाहिनीत गेलं तर रक्त अडतं. तेवढी कातडी मरते. डोळ्याच्या वाटेला लागलं तर डोळा जातो.

धाकटी अनवाणीच जिना चढून वर पळाली. वरच्या मजल्यावर कातडीच्या डॉक्टरीणबाई बसत. त्या औषधांचा डबा घेऊन आल्या त्या बोलतच.

"सुई घेतलीस, आणि फिलर विरघळवायचं औषध नाही घेतलंस?"

"घेणार होते, मॅडम. पुढच्या महिन्यात."

"गालाला सांग, पुढच्या महिन्यापर्यंत थांब म्हणून." त्या थोरलीवर वाकल्या. "दोन्ही डोळ्यांनी नीट दिसतंय?"

"दिसतंय की. तुम्ही फार गोड दिसताय."

डॉक्टरीणबाईंनी गाल दाबला, सोडला, पुन्हा दाबला. "रंग काही बरा नाही. पण सुईच्या मारानेही असं निळं पडतं, आणि हे औषधही कुणाकुणाला सोसत नाही. दुखत असेल तर मात्र द्यायलाच हवं. दुखतंय का? आत, खोलवर?"

थोरलीने धाकटीकडे पाहिलं. पोरीचं तोंड एवढंसं झालं होतं. ती भिंतीला टेकून उभी होती, आणि तिच्यामागची भिंत थोरलीला हळूहळू लांब जाताना दिसत होती. आता दुखतंय म्हटलं, तर ही पुन्हा सुईच काय, कंगवासुद्धा हातात घ्यायची नाही.

"नाही हो," ती म्हणाली. "जरा मुंगी..."

"खोटं बोलतेय ती!" धाकटी ओरडली. "मॅडम, ती कायम खोटं बोलते. माझ्यासाठी. ताई, तुझा गाल मरेल गं. मी रडेन, दार बंद करून बसेन, काय करायचं ते करेन. तू माझं बघू नकोस. सांग त्यांना."

खोली थांबली. पाय जमिनीला लागले.

"दुखतंय," थोरली म्हणाली. शब्द तोंडात नवीन होता, तिने तो पुन्हा म्हणून बघितला. "फार दुखतंय. मघापासून."

डॉक्टरीणबाईंनी डबा उघडला. औषध गालात ठिकठिकाणी गेलं. धाकटीने गरम पाण्यातून फडकं पिळून गालावर धरलं. बऱ्याच वेळाने पट्ट्याच्या एका कडेला, डाळिंबाच्या दाण्याएवढा, गुलाबी रंग आला.

"हुरळून जाऊ नका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "संध्याकाळी पुन्हा बघू. दुखणं कमी होतंय का, तेवढं सांगत राहा."

"इथे कमी आहे," थोरली डोळे मिटून म्हणाली. "गुडघा दुखतो. उजवा. जिना उतरताना जास्त. खालची दाढ दुखते, थंडीत तर झोप नाही. आणि रविवारी दुखतं. रविवारी घरात कुणी नसतं ना, म्हणून इथे, छातीपाशी..."

"बाई, मी फक्त गालाचं विचारलं होतं."

"बोलू द्या तिला," धाकटी म्हणाली, आणि दाराबाहेरची 'उघडे आहे'ची पाटी उलटी करून आली.