पेंटरचा संशय

“हिनं आजपण दुधात काहीतरी घातलंय. कडू लागतंय,” पेंटर धाकट्या बहिणीला म्हणाला.

बायकोनं कप परत घेतला. मग म्हणाली, “साखर घालून आणते.”

दुकानांच्या पाट्या रंगवाव्यात तर पेंटरनंच, असं लोक म्हणायचे. पण मध्यंतरी त्याचं पोट दुखायला लागलं आणि झोप उडाली. गोळीचं नाव काढलं की स्वारी भडकायची. मग एक दिवस हातातून ब्रश गळाला तो गळालाच, मनगट वर उचलेना. पाठोपाठ भास सुरू झाले. भिंतीवर अक्षरं चालताना दिसायची. आणि बायको विष घालते, हे तर सगळ्या गल्लीला ऐकवून झालं होतं.

बहीण स्वयंपाकघरातले डबे हुंगून बघायची. बायको मुकाट्यानं त्याला भरवायची, कूस बदलून द्यायची आणि न्हाणीघरात जाऊन रडायची. शेजाऱ्यांना तिचं फार वाईट वाटायचं.

झटका आला तेव्हा त्याला इस्पितळात हलवलं. उजेडात ठेवलेली लघवी काळपट लाल झाली, तशी डॉक्टरीणबाईंची खात्री पटली.

“पॉर्फिरिया. शरीरातच तयार होणारं विष नसांवर, मेंदूवर जातं. भास, संशय, सगळं त्यातलंच.”

सलाईननं हळूहळू डोकं ताळ्यावर आलं. हात मात्र लुळेच होते. पेंटर बायकोकडे बघून ढसाढसा रडला.

“तुझ्यावर नाही नाही ते आळ घेतले गं.”

“वहिनी, माझीच जीभ झडो,” बहीणही म्हणाली.

बायकोनं त्याचा हात मांडीवर घेतला.

“हात येतील,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “पण हे पुन्हा उसळलं तर श्वासच थांबेल. म्हणून विचारते, झोपेची किंवा फिटची एखादी जुनी गोळी घेत होते का? या आजारात ती विषासारखी.”

“दादा आणि गोळी?” बहीण हसली. “डोकं फुटलं तरी घेणार नाही!”

पेंटरही हसला, किती दिवसांनी. बायकोकडे तो पूर्वीसारखा मायेनं बघत होता. तिनं ते बघणं डोळ्यांत साठवून घेतलं आणि हलकेच त्याचा हात खाली ठेवला.

“डॉक्टर,” ती म्हणाली, “दूध खरंच कडू असायचं.”